केरी-ॲनने रांग मोडली

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, इंग्लंडात स्टोकच्या बर्स्लेम भागातल्या टनिक्लिफबाईंच्या खिडकीपुढच्या रांगेत एक गृहस्थ मधेच शिरले. घटना एवढीच. कुणी मेलं नाही, कुणाचं काही चोरीला गेलं नाही. तरी रांगेतल्या बत्तीस माणसांच्या अंगाचा तिळपापड झाला. इथल्या माणसाचं घर जळालं तर तो 'चालायचंच' म्हणून चहा टाकतो. पण त्याच्यापुढे कुणी घुसलं तर ती तारीख तो मरेपर्यंत विसरत नाही.

विरोध झाला नाही असं नाही. एक जण खाकरला. दुसऱ्याने घड्याळ पाहिलं. तिसरा चौथ्याला "काय दिवस आलेत!" असं म्हणाला, आणि ते पाचव्याला ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणाला. प्रचलित पद्धतीत निषेधाची याच्या पुढची पायरी नाही.

पुढची पायरी त्या दिवशी केरी-ॲनने बांधली. केरी-ॲन टनिक्लिफ ही बाईंची मुलगी, वय बावीस. घराच्या पुढच्या खोलीत तिची आई मॉरीन भल्यामोठ्या लोखंडी तव्यावर ओटच्या पिठाची पातळ धिरडी घाले, ज्यांना सगळा स्टोक गाव ओटकेक म्हणतो, आणि केरी-ॲन खिडकीत उभी राहून ती चीज-बेकन घालून गुंडाळून देई. सात ते बारा एकच काम करून माणूस वेडा होईल, म्हणून ती ऑर्डरी तालात ओरडायची. "दोन चीज, एक बेकन, आजीबाईंना सॉस टाकून!" गिऱ्हाइकांना त्याची सवय झाली होती. पण गृहस्थ पुढे घुसले तेव्हा तिचा ताल सुटला नाही, फक्त ऑर्डर बदलली.

"कोट तुझा भारी, गाडी तुझी लांब,
मागे जा दादा, शेवटी थांब!
आजी इथे सातपासून, गुडघे तिचे जाम,
तू आलास नवाला, अन् आधी तुझं काम?"

असं तीन मिनिटं चाललं. गृहस्थांचा कोट, गाडी, शाळा, संगोपन आणि टक्कल यांचा क्रमाने समाचार घेतला गेला. गृहस्थ लाल झाले आणि शेवटी जाऊन उभे राहिले. ज्यांचे गुडघे जाम होते त्या डोरीन पॉडमोर यांनी हा सगळा प्रकार आपल्या फोनवर टिपला. वय चौऱ्याहत्तर, हातात चाकांची पिशवी, आणि गल्लीत काय चाललंय त्याची नोंद ठेवण्याची जबाबदारी स्वतःहून घेतलेली. त्यांनी ते चित्रण पुतणीला पाठवलं, पुतणीने जगाला.

बुधवारपर्यंत ते नव्वद लाख लोकांनी पाहिलं. त्या सगळ्यांच्या पुढे कधी ना कधी कुणीतरी घुसलेलं होतं आणि त्या सगळ्यांनी तेव्हा नुसतं खाकरून सोडून दिलेलं होतं.

गुरुवारी लंडनहून पेरेग्रिन ॲशकोम आले. ते थिसलडाउन रेकॉर्ड्स या संगीत कंपनीचे प्रमुख. उत्तरेकडे जायचं म्हणून त्यांनी खास बूट घेतले होते, ज्यांना दुकानातच चिखल लावून मिळतो. पुढच्या खोलीत पिठाच्या पोत्यावर बसून त्यांनी चहा घेतला आणि मॉरीनकडे न बघता म्हणाले, "ही खरी आहे."

"खरी म्हणजे?" मॉरीनने विचारलं.

"खरी. अस्सल. आमच्याकडे लंडनमध्ये तो माल संपलाय."

करार एकेचाळीस पानांचा होता. केरी-ॲनने तो वाचला नाही, पण एक अट मात्र बोलून दाखवली. तिच्याकडे एक गाणं होतं. रांगेवरचं नव्हे, ते काय, तोंडातून निघून गेलं. हे तिने दोन वर्षं मनात घोळवून, ओळ न् ओळ घासून लिहिलं होतं. नाव 'तवा'. आईच्या हातांवर होतं. पहाटे चारला पीठ भिजवणारे, सात ते बारा तव्यापुढे भाजून निघणारे, आणि तरी रविवारी दुपारी तिच्या केसांतून फिरताना मऊ लागणारे हात. ते तिला एकदा आईला ऐकवायचं होतं, पण नीट, साथीदारांसह, माणसांसमोर. घरात असं काही गाऊन दाखवायची पद्धत नाही. घरात 'चहा घेतेस का' असं म्हणतात, आणि त्यात सगळं आलं असं धरतात.

"पहिलं माझं 'तवा' करायचं," ती म्हणाली.

"अर्थात!" पेरेग्रिन म्हणाले. "आत्ताच रांगेत लावतो. सातवा नंबर."

सातवा म्हणजे काही वाईट नाही, असं केरी-ॲनला वाटलं. रांगेवर तिचा विश्वास होता. रांगेत उभं राहिलं की नंबर येतो, ही गोष्ट तिने जन्मापासून खिडकीतून डोळ्यांनी पाहिलेली होती.

कंपनीने तिचं नाव 'केरी क्यू' ठेवलं आणि खिडकीतलं गाणं ढोल-ताशासकट पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. ते पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. शाळांतून पोरं मधल्या सुट्टीत म्हणू लागली. संसदेत एका सभासदाने दुसऱ्याला "मागे जा दादा" असं सुनावलं आणि सभापतींनी ते शब्द कामकाजातून काढून टाकले. मग कंपनीने आठ गीतकारांची समिती नेमली. समितीने अभ्यासाअंती असा निष्कर्ष काढला की लोकांना रांग आवडते. त्यामुळे दुसरं गाणं बसच्या रांगेवर आलं, तिसरं पोस्टाच्या, आणि चौथं रांगेत जुळलेल्या व नंबर आल्यावर तुटलेल्या प्रेमावर.

"माझं 'तवा'?" केरी-ॲनने विचारलं.

"रांगेत आहे. अठरावा."

"सातवा होता ना?"

"मधे काही तातडीची आली. त्यांना प्राधान्य होतं."

"म्हणजे मधे घुसली."

"घुसली नाही गं," पेरेग्रिन प्रेमाने म्हणाले. "प्राधान्य निराळं. घुसणारा माणूस फुकट घुसतो."

केरी क्यू ही बेधडक, कुणाच्या बापाला न भिणारी मुलगी असल्याचं जाहिरातीत छापलेलं असल्याने, कंपनीने तिच्यासाठी बेधडकपणाचं वेळापत्रक तयार केलं. मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते एक तिने नियम मोडायचे. कोणते, याची यादी विमा कंपनी सोमवारी मंजूर करून पाठवत असे. हॉटेलच्या कारंज्यात पाय सोडून बसणे: मंजूर, पाणी कोमट असल्यास. कॅमेऱ्याला जीभ दाखवणे: मंजूर. राजघराण्याबद्दल बोलणे: वेगळा अर्ज करावा. एकदा मंजूर शिवीच्या जागी तिने चुकून स्वतःच्या मनातली शिवी घातली, तर फिलिपा नावाच्या प्रतिमा-अधिकारी बाईंनी तिला बाजूला घेऊन समजावलं, की बंडखोरी ही शिस्तीची गोष्ट आहे, उत्साहाची नव्हे.

या काळात तिच्या लक्षात आलेली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र वेगळीच होती. ती कुठल्याच रांगेत उभी राहात नव्हती. जलशाला, बक्षीस-समारंभाला, उपाहारगृहात, दवाखान्यात, पेरेग्रिन तिला इमारतीच्या मागे नेत. तिथे एक छोटं, न रंगवलेलं दार असे. ते उघडलं की आत मऊ गालिचा, आणि ज्यांची नावं आपण वर्तमानपत्रात वाचतो ती सगळी माणसं. न्यायाधीश होते, बिशप होते, 'सर्वांना समान संधी' या संस्थेच्या अध्यक्षा होत्या.

"पण रांग तर पलीकडे आहे," पहिल्यांदा ती दारात थबकून म्हणाली होती.

"हो ना."

"मग ही रांग मोडणं नाही का?"

पेरेग्रिन यांना मनापासून वाईट वाटलं. "केरी, आपण रांग कधीच मोडत नाही. आपली आणि रांगेची गाठच पडत नाही."

आणि ज्यांनी मुळात रांग मोडली होती, ते कोटवाले गृहस्थ? त्यांचं नाव क्लाइव्ह मॉरल. त्यांचं तर सोनं झालं. पहिले पंधरा दिवस त्यांनी तोंड लपवलं, मग टीव्हीवर येऊन हमसून रडले, आणि त्या रडण्याला इतका चांगला प्रतिसाद मिळाला की त्यांना स्वतःचा कार्यक्रम मिळाला. 'मी चुकलो, क्लाइव्ह' या नावाचा. दर आठवड्याला एक नामवंत माणूस येऊन त्यांच्यापुढे चूक कबूल करी आणि ते त्याला क्षमा करीत. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्यातला प्रकार. पण क्लाइव्ह क्षमा फार छान करत, हे मान्य करावं लागेल.

तोवर 'तवा' एकतिसाव्या नंबरवर गेलं होतं.

शनिवारी दुपारी आईचा फोन आला.

"काही विशेष नाही," मॉरीन म्हणाली. म्हणजे काहीतरी विशेष होतं. "हात जरा तव्याला लागला."

"जरा म्हणजे?"

"जरा म्हणजे उजवा. नर्सने पट्टी बांधलीय. उद्याचं पीठ भिजवलंय मी डाव्या हाताने."

"अगं, मग उद्या दुकान बंद ठेव ना!"

"आणि माणसं उभी राहतील त्यांचं काय? तू तुझं बघ. जेवलीस का?"

रविवारी सकाळी केरी-ॲनला टीव्हीवर एका सोफ्यावर बसून बेधडक हसायचं होतं. तिने फिलिपाबाईंना न सांगता पहिली गाडी पकडली. साडेदहाला ती बर्स्लेमच्या गल्लीच्या तोंडाशी टॅक्सीतून उतरली, तर रांग साठ माणसांची. ती नेहमीप्रमाणे भिंतीला धरून, खिडकीपाशी आणि तिच्या शेजारच्या दारापाशी दाटलेली. दार म्हणजे टनिक्लिफांच्या घराचं पुढचं दार. याच दारातून तिला पाळण्यात घालून आत आणलेलं होतं. मागच्या अंगाला दुसरं दार होतं, नाही असं नाही. पण त्यासाठी गल्लीला वळसा पडतो, चार मिनिटांचा. आणि खिडकीतून तिला आई दिसत होती: डाव्या हाताने उलथनं धरलेली, ओठ घट्ट मिटलेले, उजवा हात पट्टीत, छातीशी.

केरी-ॲन धावली. "सॉरी," ती पहिल्या बाईला म्हणाली. "सॉरी," दुसऱ्या माणसाला. त्या माणसाने तिच्या पायावर पाय दिला होता, म्हणून ती त्याला आणखी एकदा म्हणाली, "सॉरी." आणि दार उघडून घरात गेली. आईच्या हातातून उलथनं घेतलं, एप्रन बांधला आणि दुपारी बारापर्यंत धिरडी घातली. आई फक्त एवढंच म्हणाली, "कडा सुटू देत मग उलट." त्या दीड तासात केरी-ॲन वर्षभरात नव्हती इतकी सुखात होती.

बाहेर डोरीन पॉडमोर यांनी, जबाबदार नागरिक म्हणून, सगळं टिपलं होतं.

त्या दिवशी जेवणं उरकायच्या आत देश हादरला. 'रांगेच्या राणीने रांग मोडली!' चित्रण चौदा सेकंदांचं होतं. त्यात केरी क्यू साठ माणसांना ओलांडून पुढे जाताना स्पष्ट दिसत होती. ती कुठे गेली हे दिसत नव्हतं, कारण डोरीनबाईंचा अंगठा आला होता. संध्याकाळच्या चर्चेत एका मानसोपचारतज्ज्ञाने तिच्या चालीवरून तिचं बालपण सांगितलं. एका निवृत्त सेनाधिकाऱ्याने 'युद्धात आम्ही बोटीत चढतानासुद्धा' अशी सुरुवात केली आणि रुमाल काढला. शाळांनी तिचं गाणं मागे घेतलं. केरी-ॲनचं चुकलेलं सगळ्यांना दिसलं; चुकलंय काय ते बघायची कुणाला फुरसत नव्हती.

"ते माझं घर आहे," सोमवारी कंपनीच्या बैठकीत केरी-ॲन म्हणाली. "मी माझ्या घरात शिरले. आईचा हात भाजला होता."

"आम्हाला ठाऊक आहे," पेरेग्रिन म्हणाले. "घरात शिरलीस ते कायदेशीर आहे. प्रश्न तो नाहीच." त्यांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी चष्मा लावला.

"कुमारी टनिक्लिफ, चित्रणात आपण तीन वेळा 'सॉरी' म्हणाला आहात. का?"

"माणसं होती समोर."

"निरपराध माणूस सॉरी म्हणतो का?"

"या देशात? अहो, खांबाला धडकलो तरी म्हणतो आपण. तुमच्या शिपायाने मघाशी माझ्या अंगावर चहा सांडला, तेव्हा मी म्हणाले. तुम्हीही म्हणालात. तो एकटाच म्हणाला नाही."

वकिलांनी हे लिहून घेतलं नाही. त्यांच्या मते पहिलं सॉरी सभ्यतेचं धरता आलं असतं. दुसऱ्यात शंकेला जागा होती. तिसरं म्हणजे मात्र कबुलीजबाब होता. इतक्या लोकांसमोर दिलेली कबुली मागे घ्यायची तर आधी सॉरी म्हटल्याबद्दल सॉरी म्हणावं लागेल, आणि ते चौथं होईल.

पेरेग्रिन यांनी तिला खिडकीपाशी नेलं. त्यांचा आवाज खरोखरच दुखावलेला होता. "मला एकच सांग, पोरी. घराला मागचं दार होतं ना?"

"होतं."

"मग मागच्या दाराने का गेली नाहीस? वर्षभर मी तुला शिकवलं काय?"



तोडगा फिलिपाबाईंनी काढला. येत्या रविवारी 'पश्चात्ताप-रविवार' पाळायचा. केरी क्यूने रांगेच्या अगदी शेवटी, सामान्य माणसासारखं, उभं राहायचं. क्लाइव्ह मॉरल यांनी त्याचं थेट प्रक्षेपण करायचं. ती खिडकीपाशी पोचली, की क्लाइव्ह देशाच्या वतीने तिला क्षमा करणार.

"मी उभी राहणार नाही," केरी-ॲन म्हणाली. "मी काही केलेलं नाही."

"खिडकीपाशी पोचल्यावर एक गाणं म्हणायचं आहे," फिलिपाबाई कागदात बघत म्हणाल्या. "हळवं काहीतरी. समितीकडे तसं काही नाही. तुझं ते भांड्याचं काय होतं?"

"'तवा'."

"ते चालेल. म्हणजे त्याचा नंबर आला असं धर."

तव्यासमोर, आईसमोर, सगळ्या देशासमोर. केरी-ॲन उभी राहायला तयार झाली.

रविवारी ती सकाळी सातला रांगेच्या शेवटी गेली. पुढे एकशे दहा माणसं होती. आठ वाजेपर्यंत तिच्या मागे चारशे झाली, कारण रांग दिसली की तिला लागायचं आणि कशाची आहे ते नंतर विचारायचं, अशी इथली रीत. कालव्याच्या पुलापर्यंत गेलेल्या शेपटातल्या कित्येकांची समजूत पासपोर्टची रांग आहे अशी होती. बंदोबस्ताची पिवळ्या जाकिटातली माणसं आली, फिरते संडास आले, चहाची गाडी आली आणि चहाच्या गाडीला वेगळी रांग लागली. एका चहा-कंपनीने या पश्चात्तापाचं प्रायोजकत्व घेतलं होतं. तिच्या निमंत्रितांसाठी मुख्य रांगेच्या शेजारी मखमली दोरी बांधून एक छोटी प्राधान्य-रांग केलेली होती. ती झरझर सरकत होती. तिच्याकडे पाहून कुणीही खाकरत नव्हतं. क्लाइव्ह मॉरल आत स्वयंपाकघरात बसून निवेदन करत होते. ते मागच्या दाराने आले होते.

तरी केरी-ॲन सरकत होती. साडेअकराला तिच्यापुढे दहा माणसं उरली. खिडकी दिसत होती, खिडकीत आई दिसत होती. पट्टी आता लहान झाली होती. तिने गाण्याची पहिली ओळ ओठांत म्हणून पाहिली. चुकली नाही.

तेवढ्यात चाकांचा खडखड आवाज आला. डोरीन पॉडमोर. पुलापलीकडे रांगेच्या शेवटी जायचं असं त्यांना पिवळ्या जाकिटाने सांगितलं होतं आणि त्या निघाल्या होत्या. पावलागणिक भिंतीचा आधार घेत, चेहरा आवळून. गुडघे खरंच वाईट होते. ते गाण्यासाठी रचलेले नव्हते.

"पॉडमोर मावशी, या इथं," केरी-ॲन म्हणाली. "माझ्यापुढे उभ्या राहा."

रांग गारठली. मागचा एक जण खाकरला. दुसऱ्याने घड्याळ पाहिलं. पिवळं जाकीट लगबगीने आलं.

"असं करता येत नाही, ताई. यांना पुढे घेतलंत तर मागची चारशे माणसं एकेका नंबराने मागे गेली. ती जागा तुमची आहे, देणार असाल तर तुमचीच द्या. मग तुम्ही शेवटी."

"शेवटी म्हणजे?"

"पुलापलीकडे."

केरी-ॲनने खिडकीकडे पाहिलं. मग डोरीनबाईंच्या गुडघ्यांकडे. डोरीनबाई नको म्हणतील असं तिला क्षणभर वाटलं. डोरीनबाई म्हणाल्या, "देव तुझं भलं करो," आणि पिशवी आत सारली.

क्लाइव्ह मॉरल यांनी देशाला सांगितलं, "आणि हे काय, केरी क्यू रांग सोडून चाललीय! दिलेला शब्द मोडून!" पुढे दिलगिरी व्यक्त करून ते म्हणाले, की बारा वाजले असल्याने प्रक्षेपण संपत आहे व यानंतर भोपळ्याच्या सूपची कृती पाहावी. कॅमेरे गेले. मखमली दोरी गुंडाळली गेली. पेरेग्रिन यांचा पाच शब्दांचा निरोप आला, की करार एकेचाळिसाव्या पानानुसार संपला आहे. तो निरोप वाचताना ती पुलावर होती, आणि पुलावरही ती रांगेतच होती.

पावणेतीनला ती खिडकीपाशी पोचली. मागे कुणी नव्हतं. पासपोर्टवाले कंटाळून घरी गेले होते. समोरच्या पायरीवर फक्त डोरीनबाई पिशवीवर बसून पाय चोळत होत्या. मॉरीनने तवा पुसून ठेवला होता.

"संपले गं," मॉरीन म्हणाली.

"ठाऊक आहे. मी गाणं म्हणायला आलेय."

"आत्ता?"

"नंबर आलाय."

आणि केरी-ॲनने 'तवा' म्हटलं. साथीला ना ढोल, ना ताशे. मधेच एक कुत्रं भुंकलं तेवढंच. सुरुवातीला आवाज कापत होता, मग सरळ झाला. मॉरीन उलथनं हातात धरून उभी होती. गाणं संपल्यावर तिने पट्टीच्या हाताने नाक पुसलं. या घरात एवढं रडू कुणाला आल्याची नोंद नाही.

"इतके दिवस कुठं होतं हे?" तिने विचारलं.

"रांगेत."

मॉरीन आत वळली. कपड्याखाली झाकून ठेवलेली बशी काढली. तीत एक ओटकेक होता, चीज दुप्पट, कडा कुरकुरीत, केरी-ॲनला लहानपणापासून लागे तसा. "तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. सकाळीच. चहा घेतेस का?"

केरी-ॲनने पहिला घास घेतला तेव्हा पायरीवरून आवाज आला.

"म्हणजे शिल्लक होता?"

डोरीनबाई उठून उभ्या होत्या. गुडघ्यांचं त्यांना त्या क्षणी काही वाटत नव्हतं. त्यांच्या पिशवीत स्वतःचे बारा होते, पण प्रश्न तत्त्वाचा होता. "माझ्यामागच्या माणसांना संपले म्हणून सांगितलंस, मॉरीन. आणि हा झाकलेला?" त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं, आणि हातात फोन.

बुधवारपर्यंत ते चित्रण दोन कोटी लोकांनी पाहिलं. गाणं त्यात नाही. गाणं चाललं असताना डोरीनबाई पाय चोळत होत्या. 'राखून ठेवलेला ओटकेक' या प्रकरणाची चौकशी नगरपालिका करते आहे. खिडकी चौकशी संपेपर्यंत बंद आहे. मॉरीनविरुद्धच्या निवेदनावर सही करायची असल्यास थोडा वेळ थांबावं लागतं, कारण गर्दी फार आहे. पण माणसं शांतपणे थांबतात, आणि त्याबद्दल त्यांचं सगळीकडे कौतुक होतं.

केरी-ॲनची बाजू तुम्हाला पटली असेलच. वाचणारा माणूस समंजस असतो. तरी मघाशी ती टॅक्सीतून उतरून धावली तेव्हा तुमच्याही मनात आलंच असेल, की चार मिनिटांचा तर वळसा होता, मागून गेली असती तर काय बिघडलं असतं? पेरेग्रिनसाहेबही तेच म्हणाले होते.

'तवा' मात्र इथे देता येत नाही. ते ऐकायला सात ते पावणेतीन उभं राहावं लागतं. आणि मधली सगळी कथा ओलांडून, काय झालं ते आधी बघावं म्हणून जे थेट या शेवटच्या ओळीवर आले आहेत, त्यांनी संकोच करू नये. कुणी पाहिलेलं नाही. तुम्ही मागच्या दाराने आलात, म्हणजे तुम्ही रांग मोडलेलीच नाही.